सुताचा नंबर आणि चष्म्याचा नंबर

गेल्या महिन्यात एका स्नेह्याच्या आग्रहाने सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरील एका यंत्रमाग कारखान्यात जाण्याचा योग आला आणि तेथे अर्ध्या तासाच्या आत ‘शेड’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी माझ्या कानी पडला. दारातच कारखानदार सांगत होते की, पलीकडची शेड पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करून घेतली पाहिजे, पत्रे गळतात. आत रंगवून आलेल्या सुताच्या लडी उजेडात धरून त्यांच्या चिरंजिवांनी तक्रार केली की, मागच्या खेपेची शेड आणि या खेपेची शेड जुळत नाही, चादरीवर पट्टा उठेल. आणि मागाशी उभ्या असलेल्या कारागिराने, ताण्याचे निम्मे धागे वर व निम्मे खाली होऊन मध्ये जी फट पडते आणि जिच्यातून धोटा पार होतो, त्या फटीकडे बोट करून मला समजावले की, शेड नीट उघडली नाही तर धोटा अडकतो आणि पाचपन्नास धागे एकदम तुटतात.

इंग्रजीत यांतील पहिला आणि तिसरा शब्द एकाच अक्षरांनी लिहितात आणि रंगाच्या छटेचा दुसरा शब्द निराळा लिहितात व निराळा उच्चारतात. परंतु व्युत्पत्ती पाहू गेल्यास नाते उलटेच निघते. छपराचा शब्द हा सावलीच्या, म्हणजेच छटेच्या, शब्दाचाच एक भेद असावा असे कोशकार मानतात, कारण छप्पर म्हणजे प्रथमतः सावलीची जागा. आणि मागावरचा शब्द मात्र ‘वेगळे करणे’ या अर्थाच्या एका जुन्या धातूपासून आलेला, दोघांहून स्वतंत्र कुळातला आहे. देवनागरीत येताच या तिघांनी एकच वेष धारण केला. असे असूनही त्या कारखान्यात कोणाचा क्षणभरही घोटाळा झालेला मी पाहिला नाही. छपराविषयी बोलताना सर्वांची दृष्टी वर गेली, रंगाविषयी बोलताना लडीकडे वळली, आणि फटीविषयी बोलताना कारागिराचे बोट धाग्यांमध्ये होते. शब्दाला अर्थ देणारे ते काम त्यांच्या हाताखाली चालू होते.

माझ्या अध्यापनाच्या काळात विद्यार्थी आणि त्यांचे पालक वारंवार विचारीत असत की, एकेका इंग्रजी शब्दाला इतके अर्थ का, आणि ते सारे मुलाने पाठ कसे करावेत. प्रश्न रास्त आहे. ऑक्सफर्डच्या ज्या महाकोशाची छपाई 1884 मध्ये सुरू होऊन 1928 मध्ये पुरी झाली, त्या कोशात ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाने सर्वाधिक जागा व्यापली होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या एकट्या क्रियापदाचे 430 हून अधिक अर्थ नोंदले गेले. आणि पुढे नव्याने संपादन करताना ‘रन’ या क्रियापदाने 645 अर्थांपर्यंत मजल मारून त्यालाही मागे टाकले. याचे कारण त्या भाषेच्या घडणीत आहे. इंग्रजीने आपले विभक्तिप्रत्यय जवळजवळ सर्व टाकून दिले, त्यामुळे नामाचे क्रियापद किंवा क्रियापदाचे नाम करताना शब्दाचे रूप पालटावे लागत नाही. शिवाय जर्मानिक, स्कँडिनेव्हियन, फ्रेंच आणि लॅटिन अशा चार ओघांचे पाणी एकाच पात्रात आल्याने मूळचे भिन्न शब्द उच्चारात झिजून एकमेकांसारखे दिसू लागले. आणि त्यानंतर दर्यावर्दी व्यापार, यंत्रे, न्यायालये व सैन्य यांनी नवी वस्तू निघाली की नवा शब्द घडविण्याऐवजी जुनाच शब्द तिला लावण्याचा परिपाठ ठेवला.

परंतु हा केवळ इंग्रजीचा विशेष नव्हे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे आणि तेथे ‘हरि’ या शब्दाखाली विष्णू, इंद्र, यम, सूर्य, चंद्र, सिंह, घोडा, पोपट, सर्प, वानर आणि बेडूक इतकी मंडळी शेजारी शेजारी बसलेली आहेत. आमच्या आलंकारिकांनी अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा शब्दशक्ती सांगितल्या, त्याही याच अनुभवातून: शब्द आपल्या मूळ अर्थापासून निघून शेजारच्या अर्थावर कसा जाऊन बसतो, याचे ते शास्त्र आहे. इतकेच काय, विणकरांच्या गावात राहणाऱ्या माणसाला तर दोन्ही भाषांतील हे स्थित्यंतर एकाच धाग्यावर चाललेले दिसते. इंग्रजीतील ‘लाइन’ हा शब्द लॅटिनमध्ये जवसाच्या, म्हणजे लिननच्या, धाग्याचे नाव होता. त्याचा ताणलेला दोर झाला, दोराची रेघ झाली, रेघेची रांग झाली. संस्कृतातील ‘सूत्र’ हाही धागाच. त्याचा व्याकरणाचा नियम झाला, नाटकाचा सूत्रधार झाला, कारभाराची सूत्रे झाली. ‘तंत्र’ म्हणजे मूळचा माग, मागावरील ताणा. आज तोच शब्द तंत्रज्ञानाच्या रूपाने सर्व यंत्रांवर राज्य करतो. इंग्रजीत मागाला जो ‘लूम’ म्हणतात त्याचा जुना अर्थ केवळ हत्यार, अवजार एवढाच होता आणि पुढे तो विणकऱ्याच्या अवजारापुरता आकुंचित झाला. अर्थ विस्तारतात तसे आक्रसतातही.

आता सोलापुरात हे परके शब्द कसे वागतात ते पाहावे, कारण कोशापेक्षा पेठेत त्यांचा स्वभाव अधिक चांगला कळतो.

साखर पेठेतील एका सुताच्या दुकानी मी बसलो असता दुकानदारांनी गिऱ्हाइकाला विचारले, “नंबर कितीचा पाहिजे?” आणि गिऱ्हाइकाने डोळ्यांवरचा चष्मा सारखा करीत विसाचा म्हणून सांगितले. सुताचा नंबर म्हणजे, एक पौंड वजनाच्या सुतात 840 वारी लांबीच्या जितक्या लडी भरतात तितका आकडा. म्हणून नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, आणि जाडजूड चादरीला लहान नंबराचे सूत लागते. त्या गिऱ्हाइकाच्या नाकावर होता तोही नंबरच, परंतु तो जितका मोठा तितकी दृष्टी अधू. त्यांच्या नातीने शाळेत मिळविला तोही नंबर, आणि तो जितका लहान तितकी पोर हुशार. त्यांच्या गावाकडच्या जमिनीला गट नंबर आहे, त्यात लहानमोठेपणाचा प्रश्नच नाही, तो केवळ दप्तरातील ओळख आहे. रेशनच्या रांगेत नंबर लागतो, तेथे तो वाट पाहण्याचे माप असतो. आणि ‘दोन नंबरचा धंदा’ म्हटले की तो आकडा राहतच नाही, ती नीतीची पायरी होते. हा शेवटचा अर्थ त्या शब्दाला इंग्लंडात कोणी दिलेला नाही, तो आपल्या लोकांनी आपल्या अनुभवातून दिला. एकाच शब्दात मोठेपण कधी गुणाकडे झुकते, कधी दोषाकडे, कधी कोणीकडेच नाही. आणि तरीही सुताच्या दुकानी बसलेल्या माणसाला यांतील एकाही अर्थासाठी कोश उघडावा लागत नाही.

‘लाइन’ची कथा अशीच आहे. रेल्वे लाइन म्हणजे लोहमार्ग, आणि सोलापुरात रेल्वे लाइन म्हणजे एक वस्तीही, जेथे लोक डॉक्टरांना नाडी दाखवावयास जातात. पोलीस लाइन ही वस्ती, मोटारीच्या सुट्या भागांची लाइन हा धंदा, टेलिफोनची लाइन ही तार, नळाची लाइन हा नळ. विजेलाही कोणी लाइन म्हणतो, कोणी लाइट. आणि ‘लाइट गेली’ एवढे दोन शब्द अशोक चौकाकडे कोणी उच्चारले की दिवे विझल्याचे दुःख कोणालाच नसते, माग थांबल्याचे असते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत नांदतात. आपला माग कानड्यांचा मग्ग आणि तेलुगूंचा मग्गम आहे, इतके जुने हे सहवासाचे नाते. पेशवाईच्या उत्तरकाळात याच गावच्या राम जोशी या शाहिराने एकाहून अधिक भाषा एका लावणीत गुंफून दाखविल्या. अशा ठिकाणी पद्मशाली कारखानदार, लिंगायत व्यापारी आणि मराठा गाडीवान यांना नंबर, लाइन, रेट, डझन हे शब्द सामाईक विहिरीसारखे उपयोगी पडतात. तिचे पाणी कोणा एकाच्या मालकीचे नसते. भाषेच्या शुद्धीचा विचार करणाऱ्यांनी सोलापुरात येऊन हे एकवार पाहावे अशी माझी विनंती आहे.

इंग्रजी शब्द मराठीत येताना आपल्या अर्थांचा सारा संसार बरोबर घेऊन येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. इंग्रजाच्या ‘बँक’ला नदीचा काठ असतो, आपल्या बँकेला नाही. ‘मिल’ म्हणजे मूळचे धान्य दळण्याचे जाते. पाण्याच्या जोरावर फिरणारे ते जाते पुढे कोणत्याही शक्तीवर चालणाऱ्या कारखान्याचे नाव झाले. मराठीत ‘गिरणी’नेही हाच प्रवास केला, पिठाची गिरणी आणि कापडाची गिरणी दोन्ही तिच्याच पोटात आहेत, परंतु सोलापुरात नुसते ‘मिल’ म्हटले की ती कापडाचीच. मोरारजी गोकुळदास यांनी 1877 मध्ये येथे स्थापन केलेली गिरणी पुढे इतर गिरण्या निघाल्यावर ‘जुनी मिल’ झाली आणि आज यंत्रे नाहीत, भोंगा नाही, तरी पत्ता सांगताना जुनी मिल कायम आहे. वस्तू नाहीशी झाली आणि शब्द जागेला चिकटून राहिला, हाही अर्थवृद्धीचाच एक प्रकार. त्या भोंग्यावर चालणाऱ्या ‘शिफ्ट’ला कामगारांनी ‘पाळी’ म्हटले आणि ते किती नेमके होते, हे कोरडवाहू शेतीतून आलेल्या माणसाला सांगावयास नको. कुळवाची पाळी, कामाची पाळी, कानाची पाळी, स्त्रियांची पाळी आणि एखाद्यावर आलेली पाळी, इतके अर्थ ज्या शब्दात आधीच नांदत होते, त्याला गिरणीची पाळी जड गेली नाही.

आणि परके शब्द पचविण्याची ही शक्ती मराठीला इंग्रजांनी शिकविलेली नाही. ‘तालीम’ हा अरबी शब्द शिक्षणाचा वाचक आहे. सोलापुरात तालीम म्हणजे तांबडी माती आणि जोरबैठका. पाणीवेस तालीम म्हटले की कोणाला पाठशाळा आठवत नाही. नाटकवाल्यांच्या तोंडी तीच तालीम रंगीत होते, आणि त्याच गावातल्या उर्दू बोलणाऱ्या घरात मूळचा अर्थ अद्याप शाबूत आहे. ‘गरीब’ म्हणजे अरबीत परका, परदेशी. आपल्याकडे तो निर्धन झाला, आणि ‘गरीब गाय’ म्हणताना तो निरुपद्रवीही झाला. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली जो राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यात सुमारे 1400 दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचविले होते. त्या उद्योगाने राज्याला स्वत्व दिले याविषयी मला शंका नाही, पण जमीन, हुकूम, कागद, फौज हे शब्द त्यानंतरही राहिले, कारण ते तोवर मराठी माणसाच्या दैनंदिन व्यवहारात मुरून गेले होते. 1962 च्या पदनामकोशाला ‘बदनामकोश’ म्हणून हिणविले गेले, तरी त्यातली कितीतरी पदनामे आज आपण सहज उच्चारतो.

माझ्या मते परका शब्द आत घ्यावा की न घ्यावा, हा वाद त्यामुळे फारसा फलदायी नाही. पाहावयाचे ते एवढेच की, आलेल्या शब्दाने आपल्या बोलण्यात एखादा भेद नव्याने आणला, की आधीचा एखादा भेद पुसून टाकला.

सोलापूरच्या इतिहासातीलच एक उदाहरण घेतो. मे 1930 मध्ये या शहरातील लोकांनी इंग्रजी सत्ता काही दिवस निष्प्रभ करून टाकली आणि सरकारने येथे ‘मार्शल लॉ’ पुकारला. हा ‘मार्शल’ रोमनांच्या युद्धदेवतेच्या, मार्सच्या, नावापासून आलेला. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या सभासदास बाहेर नेणारा ‘मार्शल’ निराळा. त्याचा पूर्वज घोड्यांची निगा राखणारा चाकर होता आणि पुढे तो सेनानी व अधिकारी झाला. देवनागरीत दोघांचे रूप एक. परंतु या दोन शब्दांच्या एकरूपतेने आपले काही बिघडले नाही, कारण त्या काळाच्या स्मृतीसाठी आपण त्या शब्दावर विसंबलो नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले, आणि सोलापूर त्यांना चार हुतात्मे म्हणून ओळखते. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांनी घडविला. इंग्रजीत त्या जागी जो ‘मार्टर’ शब्द आहे त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच आहे. आपल्या शब्दात यज्ञ आहे, अग्नी आहे, आणि आहुती देणारा व आहुती स्वतः एकच आहेत. चार निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या धर्मांत जन्मलेल्या त्या पुरुषांसाठी याहून योग्य शब्द मला ठाऊक नाही. नवा शब्द घडविण्याचे श्रम कोणीतरी घेतले म्हणून हा भेद आपल्या हाती आला.

आता ज्यामुळे मला चिंता वाटते ते सांगतो. त्याच कारखान्यात कारागिराने मला आणखी एक गोष्ट दाखविली. मागाच्या मागील बाजूस ताण्याचा बीम असतो, त्याच्या टोकाशी साखळी गुंडाळून तिच्या दांडीला वजने अडकविलेली असतात, आणि त्या वजनांवर धाग्यांचा ताण अवलंबून असतो. त्याने उघड्या पंजाने ताण्यावर हलके दाबून पाहिले, एक वजन दांडीवर दोन बोटे मागे सरकविले, पुन्हा दाबले, आणि म्हणाला, “टेन्शन आता बरोबर आहे.” तो शब्द त्याने ज्या काटेकोरपणे वापरला, तो पाहून मला धन्यता वाटली. लॅटिनमधील ताणण्याचा धातू आणि संस्कृतातील ‘तन्’, ज्यापासून तंतू, तान आणि आपला ताण आले, ही एकाच कुळातली भावंडे आहेत; तो इंग्रजी शब्द त्या ठिकाणी जणू आपल्या माहेरी आलेला होता.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. रिक्षावाल्याला मुलाच्या प्रवेशाचे टेन्शन होते, शेजारी बसलेल्या गृहस्थांना सासऱ्यांच्या आजाराचे टेन्शन होते, घरी आलो तो नातीला उद्याच्या नृत्याचे टेन्शन आले होते, आणि संध्याकाळी फिरावयास आलेल्या मित्राने ‘काही टेन्शन नाही’ म्हणून सांगितले, म्हणजे त्याचे काम झाले होते. विचार केला, तर रिक्षावाल्याला होती ती विवंचना. शेजाऱ्याला होता तो घोर. नातीला होती ती धाकधूक, आणि त्या धाकधुकीत थोडी उत्सुकताही होती. मित्र सांगत होता ते निर्धास्तपण. चिंता, काळजी, धास्ती, हुरहूर, रुखरुख, तगमग, दडपण, जिवाला लागलेला घोर, डोक्याला झालेला ताप: माझ्या आईच्या बोलण्यात यांतला प्रत्येक शब्द आपापल्या जागी येत असे आणि एकाच्या ऐवजी दुसरा कधी पडत नसे. तिचे शिक्षण चौथ्या इयत्तेपर्यंत झालेले होते. आज आम्ही शिकलेली माणसे त्या नऊदहा अवस्थांना एकच नाव देतो, आणि ज्याला नाव उरले नाही ती अवस्था हळूहळू ओळखूही येईनाशी होते. मुलाला काय होते आहे, असे आईने विचारावे आणि मुलाने ‘टेन्शन’ म्हणावे, तर तिने समजूत कशाची घालावी, भीतीची की थकव्याची? मागावरील कारागिराला दोन बोटांचा फरक कळतो. आम्हाला मनातल्या दहा फरकांचा पत्ता लागत नाही.

इंग्रजाच्या ‘टेन्शन’ला इंग्रजीत शेजारी आहेत, भय, चिंता, अस्वस्थता यांचे दहा निराळे शब्द त्याच्या हाताशी आहेत आणि तो त्यांतून निवड करतो. आपण एकटा शब्द उचलून आणला आणि साऱ्या शेजाऱ्यांचे काम त्याच्यावर लादले. ‘फील’, ‘अ‍ॅडजस्ट’, ‘मॅनेज’, ‘प्रॉब्लेम’ या शब्दांचेही असेच झाले आहे. अडचण, अडसर, खोळंबा, तंटा, कुरबूर, व्याधी, तिढा आणि कोडे हे सारे ‘प्रॉब्लेम’ झाले. हा अर्थविस्तार नसून शब्दसंहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहारात याची किंमत मोजावी लागते. इंग्रजीच्या ‘प्रॉपर्टी’त जे सारे कोंबलेले आहे, त्यासाठी आपल्या दप्तरात मिळकत, मालमत्ता, स्थावर, जंगम, वतन, इनाम, ताबा, कब्जा, वहिवाट आणि मालकी असे शब्द शतकानुशतके खपत आलेले आहेत, आणि वहिवाट असणे म्हणजे मालकी असणे नव्हे, हे आमचा निरक्षर शेतकरीही जाणतो. जुनी मिल 1949 मध्ये बंद पडली, जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, तेव्हा भागधारकांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात 1950 आणि 1953 साली जे दोन गाजलेले खटले झाले, त्यांत मालमत्ता म्हणजे काय आणि कारभार ताब्यात घेणे म्हणजे ती मालमत्ता हिरावून घेणे होय की नाही, याचाच ऊहापोह झाला. राज्यघटनेच्या आरंभकाळातील हा शब्दार्थाचा विचार सोलापूरच्या एका गिरणीवरून झाला, याचा मला अभिमान वाटतो. न्यायमूर्ती शब्दाचा एकेक पदर सोडवून पाहतात, कारण त्यावर माणसाची मिळकत अवलंबून असते. दवाखान्यात तर जीवच अवलंबून असतो.

म्हणून आता जी हकिकत सांगतो ती सांगणे मला भाग आहे. आमच्या गल्लीत एक वृद्ध बाई राहतात. घरी तेलुगू, बाहेर मराठी बोलतात, आयुष्यभर विड्या वळल्या, आम्ही सारे त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्या मानेला गाठ आली होती. शहरातील एका दवाखान्यात तिचा तुकडा तपासावयास दिला आणि आठ दिवसांनी निकाल आणावयास मी त्यांच्याबरोबर गेलो. मी औषधांच्या खिडकीशी उभा असताना आतून एक तरुण कर्मचारी आला, कागद त्यांच्या हाती दिला, आणि “आजी, रिपोर्ट निगेटिव्ह आहे,” एवढे म्हणून घाईने पुढच्या रुग्णाकडे गेला. मी परत येऊन पाहतो तो अक्का बाकावर कागद मांडीवर उपडा ठेवून बसल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. त्यांची नात कॉलेजात जाते; ‘निगेटिव्ह विचार करू नकोस’ हे वाक्य ती दिवसातून चार वेळा बोलते; त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे वाईट, अशुभ, एवढा एकच अर्थ अक्कांच्या कानावर होता. मी कागद वाचला आणि सांगितले, “अक्का, गाठ साधी आहे. कर्करोग नाही.” त्यांनी ते माझ्याकडून तीन वेळा वदवून घेतले. सुमारे वीस मिनिटे त्या बाई आपण मरणार या समजुतीने एकट्या बसून होत्या, आणि कारण होते एका शब्दाचे दोन अर्थ.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. तो शब्द त्याच्या शास्त्रात योग्य अर्थाने वापरला जातो. तपासणीत जे शोधत होतो ते सापडले तर पॉझिटिव्ह, न सापडले तर निगेटिव्ह. विजेच्या तारेत त्याचा अर्थ निराळा, छायाचित्राच्या काचेवर निराळा, उपदेशाच्या पुस्तकात निराळा. कारखान्यातील शेड तीन अर्थांची असूनही घोटाळा होत नाही, कारण तेथे बोलणारा आणि ऐकणारा एकाच कामात असतात. दवाखान्यात, तहसील कचेरीत, बँकेच्या खिडकीशी बोलणारा एका जगातला असतो आणि ऐकणारा दुसऱ्या, आणि मधला शब्द दोघांना निरनिराळे काही सांगत असतो. करोनाच्या साथीत तर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द घरोघर पोचला. पण पोचला तो एका रोगापुरता, सर्व तपासण्यांपुरता नव्हे.

सोलापुरात उपचारासाठी धाराशिव, लातूर, विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतून माणसे येतात. कोणी मराठी बोलतो, कोणी कन्नड, कोणी तेलुगू. येथील डॉक्टरांना आणि प्रयोगशाळा चालविणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, निकालाचा कागद इंग्रजीत अवश्य असू द्या, पण त्याच्या तळाशी ‘रोग आढळला’ किंवा ‘रोग आढळला नाही’ एवढी एक ओळ मराठीत छापा, शक्य तेथे कन्नडात आणि तेलुगूतही छापा, आणि कागद हाती देताना ती ओळ मोठ्याने वाचून दाखवा. आणि वाचकहो, आपण कोणा वडीलधाऱ्या माणसाबरोबर अशा ठिकाणी गेलात, तर बाकावरून उठण्यापूर्वी त्यांना काय समजले, ते त्यांच्याच तोंडून एकदा ऐकून घ्या.